शंभर डोसांची बाटली आणि दहा कोंबड्यांचं घर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

होळी जवळ आली की आपल्या पुरवणीत वसंतावर लेख येतात. पळस, पांगारा, सावर, कोकिळा, आंब्याचा मोहर. मी ते आवडीने वाचते, काही कापूनही ठेवलेत. त्यांत कोंबडी मात्र कधी भेटली नाही. आमच्या लांजा तालुक्यातल्या वाडीवर फाल्गुन आणि चैत्र हे कोंबडीचे महिने. घरोघरी कोंबड्या याच दिवसांत खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, पडव्यांत पिल्लांची चिवचिव याच दिवसांत सुरू होते आणि मानमोडी, कोंबड्यांची साथ, येऊन अख्खं खुराडं रिकामं करून जाते तीही बहुतेक याच दिवसांत. पहिल्या दोन गोष्टी मला मनापासून सांगायच्या आहेत, तिसरीबद्दल एक मागणी करायची आहे. पत्र लांबलं आहे. तरी जमलं तर पूर्ण छापा, कारण आमच्या परड्यात, घरामागच्या आवारात, काय चालतं हे कळल्याशिवाय मागणी कशासाठी आहे ते कळणार नाही.

आमच्याकडे दहा-बारा मोठ्या कोंबड्या आणि दोन कोंबडे असतात. सगळी जात गावठी. खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांचं, मांगराच्या भिंतीला लागून, वर कौलं. सासूबाई या घरात आल्या तेव्हाही ते तिथेच होतं. सकाळी दार काढलं की पाखरं अंगणभर पसरतात. मूठभर कणी टाकायची, मातीच्या परळात ताजं पाणी भरायचं, आणि कोणती कोंबडी मागे राहिली, कोणाची मान पडलेली आहे, कोणाची विष्ठा हिरवट आहे हे बघायचं. हे बघणं हेच खरं काम आहे. खाणं त्या स्वतः शोधतात. घरात तिसऱ्या, खाडीतले खायचे शिंपले, आणल्या की वरच्या शिंपल्या आम्ही टाकत नाही, पाट्यावर भरड कुटून एका करवंटीत ठेवतो. अंडी घालणारी कोंबडी आपणहून येऊन त्या टिपते आणि अंड्याचं कवच पातळ होत नाही.

थंडीत अंडी कमी होतात आणि संक्रांत गेली की वाढतात, हे सासूबाईंना कायम ठाऊक होतं. कारण मला पुढे पशुसंवर्धनाच्या एका प्रशिक्षणात कळलं. कोंबडीचं अंडी घालणं दिवसाच्या उजेडावर चालतं. दिवस मोठा होत गेला की तिच्या अंगातली अंड्याची तयारी जोर धरते. म्हणून माघ संपता संपता टोपल्या भरायला लागतात, आणि बारा-पंधरा अंडी घालून झाली की गावठी कोंबडी खुडूक होते. आमच्या कोकणात या वेळेला आणखी एक अर्थ आहे. फाल्गुनात बसवलेल्या अंड्यांची पिल्लं मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, अडीच-तीन महिन्यांची होतात. अंगावर पुरती पिसं आलेली असतात, पावसाची झड आणि ओल ती सोसतात. वैशाखात उशिरा निघालेलं पिल्लू पहिल्या पावसात गारठतं, ओल्या जमिनीवर त्याला रक्ती हगवण लागते. जुनी माणसं म्हणायची, शिमग्याला कोंबडी बसली पाहिजे. त्यांचा हिशेब बरोबर होता.

बसवायची अंडी जपणं हे फाल्गुनातलं नाजूक काम. फलित अंडं वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं की आत जीव हळूहळू वाढायला लागतो. कोंबडीची नीट ऊब नसेल तर तो अर्धवट वाढून मरतो. आमच्याकडे या दिवसांत दुपारी पडवीतही पारा तिशीच्या वर असतो. म्हणून मी रुंद तोंडाचं मडकं ओल्या वाळूत रोवून ठेवते, तळाला थोडं सालासकट भात घालते आणि अंडी त्यात निमुळतं टोक खाली करून उभी लावते. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. पाच-सहा दिवसांपेक्षा जुनं अंडं मी कोंबडीखाली देत नाही, ते घरात खातो. घाणेरडं झालेलं अंडंही देत नाही. ते धुतलं तर कवचावरचा राखणारा थर निघून जातो.

खुडूक कोंबडी ओळखायला शिकावं लागत नाही. ती पिसं फुगवून घरट्यात बसून राहते, हात घातला तर चोच मारते, आवाज जड आणि तुटक होतो. पण प्रत्येक खुडूक कोंबडी बसवण्याजोगी नसते. काही दोन दिवसांत कंटाळून उठतात. आमची एक तांबडी आहे, ती एकदा बसली की हलत नाही, म्हणून सगळ्यात चांगली अंडी तिच्यासाठी राखतो. बांबूच्या टोपलीत राख, त्यावर वाळलं गवत, मध्ये निगडीचा पाला. पाल्याच्या वासाने उवा-पिसवा कमी होतात. दहा-अकरा अंडी मांडून रात्री, अंधार पडल्यावर, कोंबडीला हळूच त्यावर ठेवायचं. रात्री ठेवलेली कोंबडी सकाळपर्यंत ती जागा आपली मानते.

सासूबाई टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवतात. वळवाच्या गडगडाटाने अंडी नासतात, लोखंड ते आवरतं, असं त्यांच्या माहेरी मानत. मला वाटतं, वळवाच्या आधीचा उकाडाच अंडी नासवत असावा. मी टोपली पडवीच्या थंड कोपऱ्यात हलवते आणि खिळाही ठेवू देते. दोघींचं समाधान होतं आणि पिल्लं निघतात.

सातव्या रात्री मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरून बघायचं. जिवंत अंड्यात मधोमध एक काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती लाल बारीक शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं स्वच्छ पिवळट दिसतं, ते काढून टाकायचं म्हणजे पुढे नासून टोपलीत फुटत नाही. आमच्या वाडीतली शाळकरी मुलं हे बघायला येतात. विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र आणि हातातलं अंडं यांचा मेळ लागताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. शिक्षकांना माझी विनंती आहे, फाल्गुनात एक तास मुलांना अशा एखाद्या पडवीत घेऊन जा.

बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते. घाईघाईने खाते, पाणी पिते, एक मोठी विष्ठा टाकते, राखेत दोन लोळण घेते आणि परत येते. एवढ्या वेळात कोणी तिची टोपली हलवली तर ती बावरते. अंडी ती स्वतः चोचीने फिरवत राहते, त्यात आपण हात घालायचा नाही. अठराव्या दिवसानंतर तर अजिबात नाही. विसाव्या दिवशी कान लावला तर अंड्याच्या आतून चिवचिव येते आणि कोंबडी वरून हलकेच उत्तर देते. एकविसाव्या दिवशी कवच फुटतं. पिल्लू अडकल्यासारखं दिसलं की नवखी माणसं कवच सोलायला जातात. तसं करू नये. आतल्या पडद्याच्या शिरांतलं रक्त अजून पिल्लात जायचं असतं, ओढलं की ते वाहून जातं. खाण्याचीही घाई नको. पोटात शिल्लक राहिलेल्या पिवळ्या बलकावर पिल्लू दीड-दोन दिवस सहज काढतं.

त्यानंतर बारीक कणी, नाचणीचं भरड पीठ, आणि पहिल्या आठवड्यात मिळाली तर वाळवी. वाळवी लागलेलं लाकूड नाहीतर वारुळाचा तुकडा परड्यात आणून आपटला की कोंबडी अशी हाक मारते की पिल्लं धावत सुटतात. ती स्वतः खात नाही. उचलते, टाकते, परत उचलते, पिल्लांना दाखवते. मी पन्नाशी ओलांडली तरी हे बघताना हातातलं काम थांबतं.

याच दिवसांत शेतात भाजावळ होते. कवळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून तरव्याची, भाताची रोपं करायची, जमीन भाजतात. ती निवली की आमच्या कोंबड्या तिकडे चालू लागतात. ऊन राखेत पाय खुपसून, पंख पसरून त्या लोळतात आणि अंगावरच्या उवा तिथे सोडून येतात. पिल्लांची आई त्यांना घेऊन तिथेच उकरत बसते. दुपारी त्या सगळ्या काजूच्या झाडांखाली सावलीला, चोच उघडी, पंख अंगापासून सुटे. तेव्हा पाण्याचं परळ तिकडे नेऊन ठेवायचं. उन्हाळ्यात कोंबडी भुकेपेक्षा तहानेने आधी दगावते.

आणि घार. चैत्रातल्या निरभ्र आकाशात ती फिरायला लागली की कोंबडी एक लांब, घशातला आवाज काढते. पिल्लं जिथे असतील तिथे गवतात, दगडाआड, तिच्या पंखाखाली, गडप होतात. हा आवाज कोणी शिकवलेला नसतो. मी काही वर्षं योजनेतून मिळालेली सुधारित पाखरंही पाळली. सरकारच्या योजनेत 50 टक्के अनुदानावर आठ-दहा आठवड्यांच्या 25 तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, आणि 3 नर, किंवा एक दिवसाची 100 पिल्लं मिळतात. गिरिराज, वनराज या जाती वजनाला चांगल्या, अंडीही गावठीपेक्षा जास्त. पण त्या फारशा खुडूक होत नाहीत आणि भारी अंगामुळे घारीपासून, मुंगसापासून पळणं त्यांना जमत नाही. माझा अनुभव असा की ज्या घरात दोन-तीन चांगल्या गावठी आया आहेत त्या घरात सुधारित जातही टिकते. त्यांची अंडी गावठीखाली बसवायची. म्हणून योजना राबवणाऱ्यांनी गावठी कोंबडी हद्दपार होऊ देऊ नये.

आंबा बागायतदारांना एक सांगणं आहे. तुडतुड्यांसाठी मोहरावर फवारणी करायची असेल तेव्हा आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांना निरोप द्या. औषधाने मेलेले किडे कोंबड्या टिपतात. आमच्या वाडीत आता हा निरोप येतो आणि त्या दिवशी आम्ही पाखरं कोंडून ठेवतो. एवढ्याशा गोष्टीने किती भांडणं मिटली!

हे सगळं काम बहुतेक घरांत बायका करतात आणि त्यातून येणारे पैसे बहुतेक बायकांच्याच हातात राहतात. आंब्याचा हिशेब पुरुषांकडे, काजूचा व्यापाऱ्याकडे. अंड्याचा डबा मात्र आमच्या फडताळात असतो. गावठी अंडं आमच्याकडे दहा-बारा रुपयांना जातं, शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी आले की त्याहून जास्त. कोंबड्याला तर मागेल ती किंमत येते. त्यातून वह्या येतात, डॉक्टरची फी निघते, माहेरी जायचं भाडं निघतं. कोणाकडे हात पसरावा लागत नाही. शहरातल्या वाचकांना दहा कोंबड्या किरकोळ वाटतील. पण 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या पक्ष्यांची संख्या 31 कोटी 70 लाखांवर गेली होती, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ 46 टक्के जास्त. त्या आकड्यात आमच्यासारखी किती परडी असतील याचा विचार करा.

आता मानमोडीबद्दल. पुस्तकात तिला राणीखेत म्हणतात, कारण 1920 च्या दशकाच्या शेवटी आपल्या देशात ती कुमाऊंतल्या राणीखेतला नोंदली गेली. कोंबडी पेंगते, खात नाही, चोच उघडून श्वास ओढते, हिरवट-पांढरी पातळ हगते, मग पंख लुळे पडतात आणि मान पिळवटते. लागण झाल्यावर औषध नाही. लस न घेतलेल्या कळपात एकदा शिरली की थोडीच पाखरं मागे राहतात.

ती फाल्गुन-चैत्रात का उसळते, याचं उत्तर मला आमच्या रस्त्यावरच दिसतं. शिमग्याची पालखी, देवाची राखण, पाहुणे, नवस. या दिवसांत कोंबडा जितका फिरतो तितका वर्षात कधी फिरत नाही. आठवडा बाजारात चार तालुक्यांतली पाखरं एका पाटीत येतात, तिथून वीस गावांत जातात. एखाद्या घरी मानमोडी आली की माणसं घाबरून बाकीची जिवंत पाखरं मिळेल त्या भावाला विकून टाकतात, आणि रोग त्यांच्याबरोबर बाजारात पोचतो. मेलेली पाखरं वहाळात फेकली जातात, कुत्री ती ओढत पुढच्या वाडीत नेतात. आणि नेमकं याच वेळी घराघरांत आठ-पंधरा दिवसांची पिल्लं अंगणात उतरलेली असतात.

आमच्या घरावर ही पाळी येऊन गेली आहे. पाडवा नुकताच झाला होता. दोन कोंबड्यांखाली पिल्लं होती, तिसरी बसलेली होती. पहिल्यांदा कोंबडा गेला, मग रोज सकाळी दार उघडायची भीती वाटायला लागली. बसलेली कोंबडी अंड्यांवरच मान टाकून मेली. सासूबाईंनी त्या टोपलीतली अंडी काढली नाहीत, टोपलीसकट परड्याच्या टोकाला खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला. त्या वर्षी मिरगाला वाडीत कोंबडा आरवत नव्हता. जवळच्या दवाखान्यात मी आधी दोनदा लसीसाठी गेले होते. तिथले डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी सांगितलं, ताई, बाटली शंभर डोसांची आहे, तुमच्या पंधरा पाखरांसाठी फोडली तर बाकीची फेकावी लागेल.

अडचण सगळी इथे आहे. ही लस महाग नाही आणि दुर्मीळही नाही. पुण्याला औंधमध्ये राज्य सरकारची जनावरांच्या लसी बनवणारी संस्था आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकायचा, चौथ्या-पाचव्या आठवड्यात परत एक, आणि आठ आठवड्यांनी पंखाखाली टोचायची मुक्तेश्वर लस, जिला आर-टू-बी म्हणतात. ती जोरकस असते म्हणून लहान पिल्लाला देत नाहीत. पण बाटली येते शंभर, दोनशे, पाचशे डोसांची, मोठ्या शेडच्या मापाने. पूड पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर दोन ते आठ अंशांत, बर्फात ठेवावी लागते. ज्या घरात दहा कोंबड्या आणि पंधरा पिल्लं आहेत त्या घराने हे एकट्याने कसं करायचं? शेडवाला मालक बाटली आणतो, संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. आमच्या वाडीत पंचवीस घरांत मिळून त्याच्या शेडच्या एका कोपऱ्याएवढी पाखरं असतील, पण ती पंचवीस ठिकाणी विखुरलेली आहेत.

मग ती एका संध्याकाळी एकत्र मोजली तर? माझी मागणी एवढीच आहे. दर वर्षी होळीच्या आधी आठ-दहा दिवस, प्रत्येक ग्रामपंचायतीत वाडीवार एक लसीचा दिवस ठरावा आणि त्याची दवंडी व्हावी. तोच दिवस पुन्हा वैशाखात, मिरगाच्या आधी, उशिरा निघालेल्या पिल्लांसाठी आणि दुसऱ्या डोससाठी. वेळ संध्याकाळची हवी. दिवसा गावठी कोंबडी कोणाच्या हाती लागत नाही, दिवे लागताना ती आपणहून खुराड्यात येते आणि एकेक काढून थेंब टाकता येतो. आठवडाभर आधी जंताचं औषध पाण्यातून दिलं तर लस चांगली लागते, आणि आजारी दिसणाऱ्या पाखराला त्या दिवशी लस द्यायची नाही, हे त्याच दवंडीत सांगावं.

डॉक्टर एक आणि गावं खूप, हे मला दिसतं. म्हणूनच थेंब टाकायला डॉक्टरच हवा असं मी म्हणत नाही. 'उमेद' या सरकारी अभियानाच्या बचतगटांत पशुसखी, म्हणजे जनावरांची निगा शिकलेल्या गावातल्याच बायका, आहेत. त्यांना लासोटाचं काम एका दिवसात शिकवता येतं. थर्मास, बर्फ, ड्रॉपर आणि नोंदीची वही एवढं सामान. पाखरामागे रुपया-दोन रुपये घ्यायला आम्ही बायका एका पायावर तयार आहोत, एका अंड्याच्या किमतीत घरातली निम्मी पाखरं होतात. आफ्रिकेत मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत खेड्यांतल्या कोंबड्यांसाठी उष्णता सोसणारी आय-टू नावाची लस वापरतात. ती डोळ्यात थेंब टाकून दर चार महिन्यांनी देतात आणि हे काम गावातलीच शिकलेली माणसं करतात, त्यांत बायकाही पुष्कळ. ज्या देशांत विजेची आमच्याहून जास्त वानवा आहे तिथे हे होऊ शकतं. आपल्याकडेही उष्णता सोसणारी लस आणि लहान बाटल्या परसातल्या पाळणाऱ्यांपर्यंत पोचाव्यात.

लाळ्या-खुरकुताची लस आज आमच्या दारात येते. 2019 पासून केंद्राचा मोठा कार्यक्रम सुरू आहे, गायीच्या कानाला बिल्ला लागतो, नंबर नोंदला जातो, कर्मचारी गोठ्यात येऊन टोचून जातात. फार चांगलं काम आहे आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. त्याच गोठ्याच्या भिंतीला आमचं खुराडं आहे. त्याच फेरीत, त्याच थर्मासात, एक बाटली कोंबडीसाठी आली तर नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

आता थोडं आपल्या वृत्तपत्राकडून. 2006 साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात तो आला. प्रत्येक वेळी शेकडो किलोमीटरवरच्या आमच्या वाडीत अंडी पडून राहिली. रोग गंभीर आहे, त्याची बातमी मोठी व्हायलाच हवी. पण बातमीत गावाचं नाव ठळक असावं. बाधित ठिकाणापासून 1 किलोमीटरच्या आतली पाखरं नष्ट करतात आणि 10 किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात, हेही छापावं. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातून विषाणू राहत नाही, हेही. आणि 'गावात कोंबड्या दगावल्या' एवढ्यावर बातमी थांबू नये. मानमोडी आणि बर्ड फ्लू लक्षणांवरून वेगळे ओळखता येत नाहीत, नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो, बर्ड फ्लूची खात्री भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. चार-सहा पाखरं एकदम मेली तर फेकू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा, ही ओळ आपण फाल्गुनात पहिल्या पानावर एकदा छापलीत तर तिचा उपयोग कोणत्याही लेखाहून जास्त होईल. त्याच चौकटीत आणखी एक ओळ हवी: बाजारातून आणलेलं नवं पाखरू दोन-तीन आठवडे डालग्याखाली, बांबूच्या टोपल्याखाली, वेगळं ठेवा, घरच्या पाखरांत लगेच सोडू नका.

यंदा आमच्या वाडीतल्या बायकांनी बसून घरटी पाखरांची यादी केली आहे: मोठी किती, पिल्लं किती, कोणाची कोंबडी अजून बसलेली आहे आणि तिची पिल्लं केव्हा निघतील. यादीची एक प्रत दवाखान्यात दिली, एक ग्रामपंचायतीत. बर्फ आणि थर्मास आम्ही देऊ, पाखरं धरायला घरची मुलं आहेत. खात्याने फक्त तारीख आणि बाटली द्यायची आहे. शेजारच्या वाड्यांनी आणि इतर तालुक्यांतल्या भगिनींनीही अशा याद्या करून आपापल्या दवाखान्यात द्याव्यात, म्हणजे मागणी एका वाडीची राहणार नाही. या पत्राचं कात्रण मी आमच्या यादीला जोडणार आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
लांजा तालुका, जि. रत्नागिरी